राघू, चपला आणि ‘सोड’ : एका गुरगुरणाऱ्या कुत्र्याची पूर्ण केस

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. आवाज रडका. म्हणाल्या, "ताई, राघूनं ह्यांना चावलं, आता घरात दोन पार्ट्या झाल्यात, मुलगा म्हणतोय सोडून येऊ, मी म्हणतेय नाही." कुत्र्यांच्या वागण्यावर काम करायला लागल्यापासून असे फोन मला नेहमी येतात, पण ही केस सविस्तर लिहावी वाटली, कारण यात अख्खं घर शिकलं, आणि सगळ्यात जास्त शिकले ते ज्यांना चावा बसला ते काका. घरच्यांनी लिहायला परवानगी दिलीय, फक्त नावं नकोत म्हणाले, राघूचं चालेल.

राघू म्हणजे अडीच वर्षांचा गावठी कुत्रा, तपकिरी, कान उभे, वजन १८ किलोच्या आसपास, नसबंदी झालेली, रेबीजची लस वेळेवर दिलेली. दोन महिन्यांचं पिल्लू असताना पावसात रस्त्याच्या कडेला सापडलेला. घर साताऱ्यातलं, खाली-वर दोन मजली रो-हाऊस. घरात काका (एसटीतून रिटायर झालेले), काकू, सून आणि सात वर्षांचा नातू. मुलगा पुण्यात नोकरीला, शनिवारी येतो रविवारी जातो.

झालं असं. नातवाचा शाळेचा मोजा राघूनं पळवला आणि दिवाणाखाली जाऊन बसला. शाळेची पहिलीच घाई, रिक्षावाले काका बाहेर हॉर्न देतायत, नातू ओरडत मागं, सून झाडू घेऊन, आणि काकांनी दिवाणाखाली सरळ हात घातला. राघू गुरगुरला नाही. थेट चावला. अंगठ्याच्या खाली दोन दात खोल रुतले. काकूंनी घाबरून हळद दाबली.

इथं आधी एक महत्त्वाचं. चावा घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली १५ मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना काहीही लावायचं नाही, आणि डॉक्टरकडं जायचं. रक्त आलेला चावा अंगावर काढायचा नसतो. काकांनी सिव्हिलमध्ये इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घेतला, राघूवर दहा दिवस लक्ष ठेवलं, तो ठणठणीत होता. हे सगळं झाल्यावरच मी घरी गेले.

माझ्यासाठी कळीचा प्रश्न होता तो म्हणजे हा गुरगुरला का नाही. कुत्रा सहसा एकदम चावत नाही. आधी तो थिजतो, खात असेल तर खाण्याचा वेग वाढवतो, वस्तूवर मान खाली धरतो, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं, मग गुरगुर, मग दात दाखवणं, मग हवेत चावा, आणि हे सगळं करूनही समोरचा मागं झाला नाही तर खरा चावा. राघूनं या पायऱ्या का गाळल्या?

उत्तर काकूंनीच दिलं, चहा टाकता टाकता. राघू वर्षाचा असताना चपला पळवायचा, गुरगुरायचा. तेव्हा कुणीतरी शिकवणारा बोलावला होता. त्यानं सांगितलं की हा तुमच्या डोक्यावर बसतोय, बॉस कोण ते दाखवा. पेपरची गुंडाळी करून नाकावर मारायची, जेवताना मधेच ताट उचलायचं, गुरगुरला तर मानगूट धरून खाली दाबायचं. काकांनी महिनाभर मनापासून केलं. आणि गुरगुर थांबली! घरात सगळ्यांना वाटलं जमलं.

गुरगुर थांबली होती, भीती तशीच होती. घरातल्या स्मोक अलार्मचा आवाज त्रास देतो म्हणून त्याचा सेल काढून ठेवावा तसं झालं, आग कुठं गेली. राघूच्या बाजूनं बघा ना, माझ्या तोंडात काही असलं की माणसं धावत येतात, ओरडतात, काढून घेतात, वर मारतात, आणि सांगायला गेलो की अजून मारतात. मग सांगायचं कशाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली एक अभ्यास छापला होता, त्यात वागण्याची तक्रार घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं की घरी तुम्ही काय काय उपाय केले आणि त्यावर कुत्रा अंगावर आला का. मारणं-लाथ घालणं करणाऱ्यांपैकी ४३ टक्के हो म्हणाले, आणि तोंडातून वस्तू जबरदस्तीनं काढून घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दिवाणाखालचा काकांचा हात म्हणजे नेमका तोच प्रकार.

मुलगा त्या रविवारी घरी होता. त्याचं म्हणणं, "पण कुत्रा लांडग्याचाच ना, कळपात एक अल्फा असतो, सगळ्यांवर हुकूम चालवणारा म्होरक्या." हे इतक्या घरात ऐकलंय की आता मी शांतपणे पूर्ण गोष्ट सांगते. ही कल्पना पसरली ती रुडॉल्फ शेंकेल या संशोधकांनी १९४७ साली छापलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून, आणि ते लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते, एका कुटुंबातले नव्हते. पुढं डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अमेरिकी अभ्यासकांनी १९७० च्या पुस्तकात अल्फा शब्द वापरला, तो जगभर गेला, आणि मग जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्यांनीच लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून नंबर लावणारी टोळी नाही. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागं लागले होते. मुलगा गप्प बसला. पटलं असं नाही, पण ऐकलं.

काकांचा मुद्दा वेगळा होता आणि मला तो जास्त आवडला. "अगं पोरी, आमच्या वडलांनी गावाकडं चार कुत्री सांभाळली, एकालाबी बिस्कीट देऊन शिकवलं नाय." मी म्हटलं काका, पण त्या कुत्र्यांच्या तोंडातून रोज कोणी काही काढून घेत होतं का? दिवसभर शेतात मोकळी, कंटाळली तर ओढ्याला जायची, कुणाला टाळायचं असेल तर टाळायची. राघूला चार खोल्या, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटांचा फेरफटका, आणि चघळायला घरात फक्त चपला. काका थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "बरं सांग काय करायचं."

सुरुवात ट्रेनिंगनं केली नाही, दवाखान्यानं केली. अचानक वाढलेल्या चिडचिडीमागं दुखणं असू शकतं, म्हणून मी कुठल्याही चाव्याच्या केसमध्ये आधी तपासणी मागते. राघूच्या वरच्या मोठ्या दाढेचा तुकडा उडालेला निघाला, आतली नस उघडी. मुलानं हौसेनं आणलेलं टणक खूर चघळून दाढ फुटली असावी, असं डॉक्टर म्हणाले. सोपा नियम आहे, नखानं दाबून ज्यावर खूण उमटत नाही ते कुत्र्याला चघळायला द्यायचं नाही. भूल देऊन दाढ काढली. म्हणजे तोंडात ठणका असताना कुणीतरी तोंडातली वस्तू हिसकायला येत होतं, याचाही त्या चाव्यात वाटा होता. पुढं जो फरक पडला त्यात दाढेचा किती आणि खेळाचा किती हे मी वेगळं करून सांगणार नाही, दोन्ही लागलं.

दाढेमुळं माझा प्लॅन बदलला. मला ओढाओढीच्या खेळानं सुरुवात करायची होती, पण ते आता जखम भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. मग पहिले काही आठवडे फक्त नाकाचे खेळ.

त्याआधी घराची मांडणी. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण सराव झाला की कुठलीही सवय पक्की होते, चोरीची पण. चपलांना दार असलेलं कपाट, धुण्याच्या टोपलीला झाकण, दिवाणाखालची जागा दोन जुन्या ट्रंका सारून बंद, जिन्याला लहान मुलांसाठी असतं तसलं फाटक. राघूला स्वतःचा कोपरा, तिथं गोधडी, आणि तो तिथं असताना कुणीही जायचं नाही, नातू तर नाहीच. नातवाला एकच नियम, राघूच्या तोंडात काहीही दिसलं की ‘स्टॅच्यू’ व्हायचं आणि मग हळूच आईला सांगायला जायचं. मागं पळायचं नाही. त्यानं तो नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळला हे आवर्जून लिहिते.

आणि गुरगुरला तर? थांबायचं, मागं व्हायचं, वहीत लिहायचं. मारायचं तर नाहीच, ओरडायचं पण नाही. मी काकांना म्हटलं की आता पुढचे काही आठवडे राघू गुरगुरला तर मला आनंदाची बातमी म्हणून फोन करा. त्याला परत बोलायला शिकवायचं होतं.

वही काकूंनी ठेवली, जुन्या वाणसामानाच्या वहीची मागची पानं. प्रत्येक प्रसंगाचे तीन रकाने, आधी काय चाललं होतं, राघूनं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. आठ दिवसांतच एक गोष्ट डोळ्यात भरली. चोऱ्या बहुतेक दोन वेळेला, सकाळी शाळेच्या घाईत आणि संध्याकाळी टीव्हीवर सिरियल लागली की. म्हणजे जेव्हा त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं तेव्हा. आणि चप्पल उचलली की सगळं घर उठून मागं धावायचं! त्याच्यासाठी दिवसातला सगळ्यात रंगलेला खेळ हाच होता. शेवटी काढून घेतात हे वाईट, पण तोवरची पळापळ काय वर्णावी. चोरी, पळापळ, भीती, सगळं एकमेकांत अडकलेलं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं की कुत्रा माजलाय.

पहिला खेळ, ‘शोध’. खिशात उकडलेल्या चिकनचे मटारच्या दाण्याएवढे तुकडे, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही (कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, म्हणून आपल्या रश्श्यातलं धुऊन दिलेलं चालत नाही). एकादशीला आणि चतुर्थीला पनीर. तेवढं खाणं दिवसाच्या जेवणातून कमी करायचं. राघूच्या तोंडात काहीही नसताना नुसतं म्हणायचं "शोध", एक श्वास थांबायचं, मग चार-पाच तुकडे जमिनीवर पसरायचे आणि बोटानं एकेक दाखवायचा. बस. राघूनं काही करायचंच नाही, फक्त खायचं. दिवसातून तीनदा, दर वेळी आठ-दहा वेळा. ही पद्धत ब्रिटनमधल्या चिराग पटेल या ट्रेनरमुळं बऱ्याच लोकांपर्यंत गेली, मी त्यात आपल्या घरांना जमेल असे थोडे बदल केलेत.

इथं क्रम फार महत्त्वाचा. आधी शब्द, मग हात खिशात. काका उलटं करायचे, आधी मूठ नाचवायचे मग "शोध, शोध, शोध". तसं केलं की कुत्रा शब्द ऐकत नाही, मूठ बघतो, आणि मग मूठ रिकामी दिसली की ढिम्म हलत नाही. आणि मग लोक म्हणतात बघा, खायला असेल तरच ऐकतो. आधी दाखवून काम करून घेतलं तर ती लाच, काम झाल्यावर दिलं तर ते बक्षीस. काकांना हे एकदम समजलं, म्हणाले डेपोत तीस वर्षं काढल्यात, दोन्हीतला फरक मला नको सांगू.

चार-पाच दिवसांत शब्दाबरोबर राघूचं नाक खाली जायला लागलं. कानावर पडलं की मान खाली, विचार न करता, पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना जेवणाआधीचा ठरलेला आवाज ऐकूनच लाळ सुटायची, तसंच हे. बोट जमिनीजवळ येतं त्याचीही सवय झाली, कारण ते बोट आता घ्यायला येत नव्हतं, द्यायला येत होतं. मग शेजारी एक लाकडी उलथनं नुसतं पडलेलं. मग उलथनं त्याच्या तोंडात असताना. तो तोंड उघडून खायला गेला की उलथन्याला हातसुद्धा लावायचा नाही! हे सगळ्यांना अवघड गेलं, हात आपोआप जातो. पुढच्या टप्प्यात उलथनं उचलायचं आणि लगेच त्यालाच परत द्यायचं. या परत देण्यावर मी सगळ्यात जास्त भर देते. माणसाला दिलं तर चिकनपण मिळतं आणि वस्तूपण परत येते, असं शंभरवेळा झालं की मग एखाद्या वेळी खरंच काढून घ्यावं लागलं तरी तो विश्वास लगेच तुटत नाही.

याच्या जोडीला जेवणाच्या ताटाजवळचा सराव, तो फक्त काकांनी करायचा होता कारण ताट उचलणारे तेच होते. राघू खात असताना काका लांबून, दहा फुटांवरून जायचे, ताटाच्या दिशेनं एक चिकनचा तुकडा टाकायचे आणि निघून जायचे. थांबायचं नाही, वाकायचं नाही, कौतुक नाही. पहिले तीन दिवस काका दिसले की राघूचा खायचा वेग वाढायचा, अंग ताठ. पाचव्या-सहाव्या दिवशी काका आले की शेपटी खालच्या खाली हलायला लागली. दहा दिवसांनी त्यानं ताटातून तोंड काढून काकांकडं बघितलं, आले का म्हणून. काका मला फोनवर हे सांगताना मधेच थांबले. मग म्हणाले, "मी त्याचं ताट महिनाभर उचललं गं." मी काही बोलले नाही. काय बोलणार.

आता बिघडलं कुठं ते.

तिसऱ्या आठवड्यात राघू हुशार झाला. चप्पल उचलायची, घेऊन काकूंसमोर यायचं, उभं राहायचं, म्हणा की शोध. काकूंना फार गोड वाटलं, त्या लगेच चिकन काढायच्या, आणि चोऱ्या दिवसाला पाच-सहावर गेल्या. ही माझी चूक. मी अदलाबदलीचा सराव चपलांवर फार लवकर आणला आणि चोरी न करण्याला बक्षीस ठेवलंच नव्हतं. पण घाबरून पलंगाखाली पळणारा कुत्रा आता वस्तू घेऊन आपणहून माणसाकडं येत होता, म्हणून मी काकूंना म्हटलं रागवू नका, हे चांगलंच आहे, फक्त दिशा बदलायची.

दोन बदल केले. एक, शाळेच्या आणि सिरियलच्या वेळेआधी दहा मिनिटं राघूला काम. जुन्या टॉवेलच्या घडीत त्याचंच रात्रीचं जेवण गुंडाळून द्यायचं, किंवा अंगणात कुंड्यांमागं तुकडे लपवायचे आणि नातवानं लांब पायरीवर बसून "थंड... गरम... गरम" ओरडायचं. राघूला थंड-गरम कळत नव्हतं, पण नातवाला खेळ झाला आणि दोघं एकाच बाजूनं खेळायला लागले, ही मोठी गोष्ट. कुत्र्याला नाकानं काम दिलं की तो शांत होतो, दहा मिनिटं शोधाशोध केली की राघू गोधडीवर जाऊन पसरायचा. दुसरा बदल, राघू उघड्या चपलांजवळून काही न उचलता गेला की त्याच क्षणी "शाब्बास" आणि तुकडा. ज्याकडं कुणी बघत नाही असं चांगलं वागणं पकडायचं. दोनेक आठवड्यांत चपला घेऊन येणं आठवड्याला दोन-तीनवर आलं.

दुसरा धक्का आखाडात. मुलगा रविवारी मटण घेऊन आला, जेवणं झाली, आणि कचऱ्याच्या डब्यातलं नळीचं हाड राघूनं पळवलं. शिजवलेलं हाड फुटून आतडं फाडू शकतं, म्हणून मुलगा घाबरला आणि धावला, त्यात नवीन शिकलेलं सगळं विसरून जबडा धरला. राघू गुरगुरला. मोठ्यांदा, दात दाखवून. आणि चावला नाही! तेवढ्यात काका शांत आवाजात स्वयंपाकघरातून म्हणाले "शोध" आणि फ्रीजमधलं अख्खं चिकन जमिनीवर पसरलं, राघूनं हाड टाकलं, काकूंनी राघूला बाहेर अंगणात खायला नेलं, आणि मग हाड उचललं. संध्याकाळी काकांचा फोन, "पोरी, आनंदाची बातमी, गुरगुरला." मुलाचं मत त्या दिवशी बदललं, लांडग्यांच्या गोष्टीनं बदललं नव्हतं.

दाढेची जखम भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, ओढाओढी. ही मी इतके दिवस राखून ठेवली होती. काकूंच्या जुन्या सुती साडीची तीन पदरी जाड वेणी घातली, दोन्ही टोकांना गाठी, हात आणि तोंड यांच्यात दोन फुटांचं अंतर राहील एवढी लांब. काकांचा पहिला प्रश्न, याला जिंकू दिलं तर हा परत डोक्यावर नाही का बसणार? ब्रिटनमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ या संशोधकांनी २००२ साली हेच तपासलं होतं. १४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांशी माणसानं ओढाओढी खेळायची, कधी वीसदा कुत्र्याला जिंकू द्यायचं, कधी वीसदा हरवायचं. जिंकून कुणी दादागिरी करायला लागलं नाही. उलट त्यातली जास्त खेळकर कुत्री जिंकल्यावर अजून खेळायला मागं लागली.

खेळ असा. "घे" म्हटलं की दोरी जिवंत, जमिनीवरून सापासारखी पळते. राघूनं पकडली की दोघांनी ओढायचं, खाली-आडवं, वर नाही, मानेला झटका नाही. दहा-पंधरा सेकंदांनी काकांनी "सोड" म्हणायचं, आणि हात मांडीला चिकटवून एकदम थांबायचं. दोरी मेली. डोळ्यात बघायचं नाही, परत परत बोलायचं नाही. राघू थोडा ओढतो, मजा येत नाही, तोंड सैल पडतं. तोंड सुटल्या क्षणी "घे!" आणि खेळ परत चालू. सोडण्याचं बक्षीस म्हणजे अजून खेळ. चिकन पण नाही. डेव्हिड प्रिमॅक या मानसशास्त्रज्ञाच्या नावानं हे तत्त्व ओळखतात, आवडीचं काम कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं, आणि आपल्या घरातल्या आज्ज्यांना ते आधीपासून माहीत आहे, आधी शुभंकरोती मग खेळायला जा.

पहिल्या दिवशी "सोड" ला राघूनं मोजून चाळीस सेकंद घेतले. काकांचा हात भरून आला पण ते हलले नाहीत. चौथ्या दिवशी दोन-तीन सेकंद. दात हाताला लागला की काही न बोलता खेळ अर्धा मिनिट बंद, एवढीच शिक्षा. अधूनमधून काका दोरी सोडून द्यायचे, जा जिंकलास. राघू ती घेऊन पलंगाखाली पळेल असं काकूंना वाटलेलं. तो अंगणाला एक चक्कर मारून दोरी काकांच्या गुडघ्यावर आणून आपटायला लागला, परत ओढ म्हणून. अडीच वर्षं ज्या माणसापासून वस्तू लपवली त्याच्याकडं स्वतः आणून देणारा कुत्रा. मी त्या दिवशी तिथं पायरीवर होते, आणि सांगते की मला बोलता येईना.

मुलानं मधे एकदा विचारलं, हे सगळं करायला दोन महिने लागले, गळ्यातल्या शॉकच्या पट्ट्यानं आठ दिवसांत झालं नसतं का? गप्प झाला असता, हो. आधीही झालाच होता. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात धाक-शिक्षा वापरणाऱ्या वर्गातल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसोलही (ताण आला की शरीरात वाढणारं संप्रेरक) बक्षीसवाल्यांपेक्षा जास्त वाढलेलं होतं. वेल्समध्ये तसल्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. पण मी मुलाला आकडे नंतर सांगितले, आधी विचारलं, आठ दिवसांत गप्प झालेल्या कुत्र्याजवळ तुझ्या पोराला बसवशील का?

गणपतीत खरी परीक्षा. यांच्याकडं पाच दिवसांचा गणपती, आरतीला गल्ली गोळा होते, दारात चपलांचा ढीग. घरच्यांना वाटलं आता राघू तयार आहे, बघूया. मी नाही म्हटलं. अनोळखी माणसं, झांजा, पोरांची पळापळ, रोजची झोप मोडलेली, एकेक ताण एकावर एक चढत जातो आणि शेवटच्या बारक्या गोष्टीवर फुटतो. सणाच्या दिवशी कुत्र्याची परीक्षा घेऊ नका, प्लीज. आरतीच्या वेळी राघू वरच्या खोलीत, पंखा चालू, रेडिओ लावलेला, भाताचं गुंडाळलेलं फडकं. आणि प्रसादाचा शिरा त्याला अजिबात नाही, कारण त्यात बेदाणे. सांगली शेजारी असल्यानं आपल्याकडं शिऱ्यात हात सैल सोडून बेदाणे पडतात, आणि द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते, थोड्यानंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पाहुणे जेवून गेल्यावर, राघू खाली आला. एका पाहुण्यांची कोल्हापुरी चुकून राहिली होती. कातडी, नवीकोरी, त्याची सगळ्यात आवडती. उचलली. सुनेनं पाहिलं आणि ती जागेवरच थांबली, नातू आपोआप ‘स्टॅच्यू’. काका आरामखुर्चीतून म्हणाले, "सोड." खिशात त्या वेळी काहीही नव्हतं. राघूनं चप्पल खाली ठेवली आणि काकांकडं बघत राहिला. काका उठले, चपलेकडं गेलेच नाहीत, कोपऱ्यातली दोरी काढली आणि "घे" म्हणाले. सुनेनं चप्पल नंतर उचलली. मला व्हिडिओ नाही मिळाला, कारण कुणालाच मोबाईल काढायचं सुचलं नाही.

आता दिवाळीनंतर शेवटची भेट झाली. चपला, मोजे, रिमोट, पेन्सिली सगळं "सोड" वर सुटतं. मेलेला उंदीर एकदा सुटला. हाडावर अजून भरवसा ठेवत नाही, कचऱ्याचा डबा ओट्याखाली कडी लावून असतो आणि तसाच राहणार. नातू आणि राघू एकटे एका खोलीत अजून नाहीत, तेही तसंच राहणार, राघूवर विश्वास नाही म्हणून नाही, सात वर्षांच्या पोरावर एवढी जबाबदारी टाकायची नाही म्हणून. गुरगुर महिन्यातून एखाददा ऐकू येते, बहुतेक झोपेतून कुणी उठवलं तर, आणि घरातले सगळे दोन पावलं मागं होतात.

दोरी तिसरी चालू आहे. पहिल्या दोन फाटल्या. तिसरीला काकूंनी पेटीतून हिरवं इरकली काढलं तेव्हा काका म्हणाले, अगं ते कशाला, चांगलं आहे अजून. काकूंनी ऐकलं नाही, वेणी घालून झाल्यावर टोकाची गाठ मात्र काकांकडून मारून घेतली, कारण त्यांच्या हाताची गाठ राघूला सुटत नाही.